व्हय म्हाराजा

मध्यंतराचे दिवे लागले आणि कुठल्याशा अनोळखी बाईनं येऊन सगुणच्या गालावर हात ठेवला. त्या वेळी त्याच्या तोंडात अर्धा बटाटवडा होता. सत्यवतीनं नुकताच भरवलेला, आतून कढत. तो जिभेनं ह्या गालातून त्या गालात ढकलत निवायची वाट बघत होता, आणि तेवढ्यात हा हात. ओला, जरा तेलकट, बोटात अंगठी, तिचा खडा कानाच्या पाळीजवळ टोचला. मानेखाली सगुणला काहीच कळत नसे. पायावर कुणी उकळतं पाणी ओतलं असतं तरी ते दुसऱ्याच कुणावर ओतलं असं वाटलं असतं. त्यामुळे मानेच्या वर जे होई ते फार मोठं होऊन होई. नाकावर माशी बसली तर ती अख्ख्या देहावर बसे. बाईचे डोळे रडून सुजले होते. "देव तुका बेगीन सोडवूं दे, भावा," ती म्हणाली, पदरानं नाक पुसलं आणि पोरांना हाका मारत बाहेर आइस्क्रीम घ्यायला गेली. अगो बाये, कशातून सोडवूं दे? ह्या वड्यातून? ओळख ना पाळख, आणि थेट मरणाचा आशीर्वाद! पण घास गिळेपर्यंत बाई दिसेनाशी झाली होती. त्यानं बायकोकडे मान वळवली, म्हटलं दोघं मिळून हसू. सत्यवती हसत नव्हती. ती पडद्याकडे बघत होती, आणि पडदा तर पांढरा होता.

पिक्चरला जायची टूम गोकुळदासची. गोकुळदास शेजारी, सगुणच्याच वयाचा. एके काळी दोघं डिचोलीच्या खाणींवर खनिजाचे ट्रक हाकत. खाणी बंद झाल्यापासून त्याचा ट्रक इब्रामपूरला घरापुढे उभा होता, चाकांवर वेली चढलेल्या, हौद्यात पाणी साचून बेडूक झालेले. माणूस रिकामा असला की त्याला परोपकार सुचतो. "म्हापशाक एक पिच्चर लागला हा," तो येऊन म्हणाला, "अगदी तुझ्यासारख्या माणसाचो. अख्खो पिच्चर खाटीर! माझी बायल दोन दीस रडता हा." सगुणचा धाकटा भाऊ शिवदास पेडण्याच्या कचेरीत कारकून, त्यानं लगेच रजा टाकली, कुणाची तरी व्हॅन मिळवली. सगुणला पिक्चरचं काही नव्हतं, पण शुक्रवार होता, म्हापशाचा बाजार भरणार होता, आणि बाजार त्यानं ट्रक उलटल्यापासून बघितला नव्हता. व्हॅनच्या काचेतून त्यानं तो पोटभर बघितला. सुक्या मासळीचा वास, मिरच्यांचे ढीग, मोयरा गावच्या केळ्यांचे घड, भांडणाऱ्या बायका, एक पोलीस उगीचच शिट्टी फुंकत होता. वाहवा! थिएटरच्या पायऱ्या गोकुळदासनं आणि शिवदासनं त्याला चाकांच्या खुर्चीसकट उचलून चढवल्या. दारावरचा माणूस म्हणाला, ह्यांना तिकीट कशाला, राहू दे. सगुण म्हणाला, "फाड. माझां तिकीट फाड." तो ऐकेना, तेव्हा सगुणनं आवाज चढवला, मागची रांग अडली, आणि शेवटी शिवदासनं ओशाळं होऊन तिकीट काढलं. आवाज हे एकच अवजार त्याच्याकडे उरलं होतं. तो ते वापरायला मागेपुढे बघत नसे.

पिक्चर होता एका घोडेस्वाराचा. हिमालयातला कुठलासा बंगला, खिडक्यांना पांढरे पडदे, बाहेर बर्फ, आणि आत तो रुबाबदार गडी शर्यतीत पडून लुळा झालेला. दाढी अशी कोरलेली की सगुण पहिली दहा मिनिटं, ह्याची दाढी रोज कोण करतं, ह्याच विचारात होता. त्याची स्वतःची दाढी सत्यवती आठवड्यानं करायची, आणि ओठाखाली नेहमी चार केस राहायचे. घोडेस्वार कोर्टात अर्ज करतो, मला सन्मानानं मरू द्या. जज्ज स्वतः बंगल्यावर येतो, खाटेशी बसतो, विचारतो, ही तुमची स्वतःची इच्छा आहे ना? मग घोडेस्वार असं काही बोलतो, असं काही बोलतो की थिएटरात टाळ्या पडल्या. सगुण शोधत होता ती लघवीची पिशवी. नळी कुठून जाते, पिशवी कुठं टांगलीय, कोण रिकामी करतं. दिसली नाही. पाठीला जखम नाही, तिला वास नाही, जखमेच्या वासावर रात्रीतून आलेल्या मुंग्यांची रांग नाही. नर्स रोज नवी साडी नेसून यायची आणि एकदाही तिला त्याला कूस पालटून द्यावी लागली नाही. शेवटी मरायच्या दिवशी त्यानं जेवण घातलं सगळ्यांना, प्रत्येकाची माफी मागितली, प्रत्येकाला एक एक शहाणपणाचं वाक्य दिलं. मग त्याचा जुना घोडा खिडकीशी आणला. घोडासुद्धा रडला. सगुणला हसू फुटलं, आणि ते दाबता दाबता त्याला ठसका लागला. पुढच्या रांगेतली माणसं वळून बघू लागली. त्यांना वाटलं, हाही रडतोय. एकानं तर हात जोडले. सगुणनं मदतीसाठी भावाकडे बघितलं, तर शिवदास तोंडात रुमाल कोंबून हुंदके देत होता. कचेरीत फायलींवर शिक्के मारणारा, आई गेली तेव्हा पाहुण्यांच्या चहाची व्यवस्था बघणारा शिवदास. आणि त्याच्या पलीकडे सत्यवती. तिच्या गालांवरून पाणी सरळ खाली येत होतं आणि ती ते पुसतही नव्हती. ह्या बाईला त्यानं कधी रडताना बघितलं नव्हतं. डॉक्टरनं सांगितलं त्या दिवशीही नाही. सगुणचा ठसका तिथंच थांबला.

व्हॅन परतीला लागली. कोलवाळचा पूल गेला, धारगळ गेलं. सगुणनं विचारलं, "कित्याक रडलंस गो?" सत्यवती बाहेर बघत म्हणाली, "असाच. गाणां बरां होतां." मग तिनं त्याच्या कपाळावरचे केस मागे सारले. रोज सारायची तसे नाही. हळू. पाहुण्यांनी आणलेली वस्तू उचलून बघावी तसे. आणि सगुणला एकदम भीती वाटली, अगदी पोटातून म्हणावी तर पोट कुठं होतं त्याला. भीती गळ्याशी आली आणि तिथंच बसून राहिली. आता घरी जाऊन रोजच्यासारखं काहीतरी बोलावं, पेजेत मीठ नाही म्हणून ओरडावं, म्हणजे सगळं जागेवर येईल असं त्यानं ठरवलं. घरी आल्यावर पाणी यायला उशीर झाला, तसा तो नेहमीप्रमाणे गरजला, "मारून टाका माका एकदाचो! सुटूं दे सगळ्यांची पिडा!" एरवी सत्यवती आतून म्हणायची, "मारतंय, जरा थांबा, आधी भात उतरवंक होयो." ते त्यांचं ठरलेलं होतं. आज आतून आवाज आला नाही. ती बाहेर आली, दारात उभी राहिली आणि त्याच्याकडे बघत राहिली, जणू तो आजच पहिल्यांदा बोलला होता.

आता 'मारून टाका माका' हे वाक्य म्हणाल तर खोटं नव्हतं, आणि खरंही नव्हतं. खरं होतं तेव्हा अगदी खरं होतं. खाणी जोरात होत्या त्या दिवसांत खेपा मारण्याच्या नादात, जेवण सोडून, झोप सोडून तो ट्रक पळवायचा. कुणी सांगितलं नव्हतं, हौस त्याचीच. उतारावर वळण घेताना ट्रक कलला, सगुण बाहेर फेकला गेला, आणि लाल मातीत पडल्या पडल्या त्याला पहिला विचार आला तो असा की आपले बूट कुठं गेले. बूट पायातच होते. त्यानंतर पहिली काही वर्षं तो रोज मरण मागायचा. सत्यवतीकडे मागितलं, काजूवर फवारायचं औषध आण म्हणून. तिनं फाडकन थोबाडीत मारली. चांगली जोरात. पुढं कैक दिवस तो त्या गालाच्या आठवणीवर जगला, कारण आजाऱ्याला कुणी मारत नाही, माणसालाच मारतात. मग त्यानं शिवदासचा जीव खाल्ला. शिवदास म्हणाला, "दादा, देवीक विचारूया. ती सांगतली तसां." गावाची ही जुनी रीत. लग्न असो, विहीर असो, सातेरीच्या मूर्तीला गुरव ओल्या पाकळ्या चिकटवतो आणि गाऱ्हाणं घालतो. उजवी पाकळी आधी पडली तर देवीचं होय, डावी पडली तर नाही, आणि देवीचा कौल झाला की मग कुणाचं काही चालत नाही. सगुण त्या वेळी घरीच खाटेवर होता. शिवदास एकटा गेला आणि घाम पुसत परत आला. डावी. देवी नको म्हणते. सगुणनं भिंतीकडे मान फिरवून देवीला शिव्या घातल्या. आणि त्या शिव्या घालता घालता त्याला कळलं, की आपल्याला बरं वाटतंय.

हे बरं वाटणं त्यानं कुणाला सांगितलं नाही. सांगायचं कसं? ज्याच्यासाठी दोन माणसांची आयुष्यं मोडून पडलीत त्यानं म्हणायचं, मला मजा येतेय? पण यायची मजा, त्याला तो काय करणार. सकाळी सत्यवती त्याची खाट जनेलाशी सरकवायची. जनेलातून फणसाचं झाड, त्याच्या बुंध्यावर फणस लगडलेले, त्यांच्यावर एक खार रोज तेच भांडण भांडायची. एप्रिलमध्ये वाऱ्यावर काजूच्या भट्टीचा वास यायचा आणि गोकुळदास हुर्राकाची बाटली घेऊन यायचा, लिंबू पिळून, मीठ घालून कुलेरीनं दोन घोट द्यायचा, आणि त्या चमच्याभर दारूवर सगुण अर्धा तास ट्रकच्या गोष्टी सांगायचा, निम्म्या खोट्या. रेडिओवरच्या बातम्या ऐकून तो दिल्लीच्या सरकारला शिव्या घालायचा. बांगड्याचं तिखलं, वरून तिरफळं. सत्यवती काटे काढून घास द्यायची आणि तिच्या बोटांची टोकं ओठांना लागायची. एवढंच त्यांचं नवरा-बायकोपण उरलं होतं, आणि सगुणला वाटायचं, ते काही थोडं नव्हे. तिला काय वाटायचं ते त्यानं विचारलं नव्हतं. तिचं वय त्याच्या खाटेशी गेलं, हे त्याला दिसत होतं. दिसलं की तो मोठ्यानं ओरडायचा, मारून टाका माका. म्हणजे ती म्हणायची, गप बसा. म्हणजे ते ठीक आहे असं व्हायचं. असा तो रोज मरणाची गोष्ट काढून जगायची परवानगी घेत आला होता. आता तो पिक्चर बघून आल्यावर कुणी गप बसा म्हणेना.

घरातले आवाज बदलले. शिवदास पेडण्याहून आल्यावर, आपल्या घरी जायच्या आधी, चपला न वाजवता आत यायचा. सत्यवती भाताचा घास भरवताना विचारायची, "बरां लागता?" एरवी ती कधी विचारायची! मग एका संध्याकाळी शिवदास खाटेशी बसला आणि त्यानं सगुणचा हात हातात घेतला. हात घेतलाय हे सगुणला बघून कळलं. "दादा," तो म्हणाला, "आमी तुका अडकवून ठेवलो. तू सांगत होतंस, आमी आयकलां नाय. आमी स्वार्थी रे." आणि रडला. सगुणनं मनात म्हटलं, स्वार्थी कसला मेल्या, तू माझी घाण काढतोस. "परत एकदा कौल लावूया," शिवदास म्हणाला. "त्या टायमार तू समोर नव्हतंस. पिच्चरात बघितलंस मरे, जज्जान खुद्द तेकाच विचारलां. तुका देवळात नेऊया. अन्नपाणी सोडूक देवीची आज्ञा मागूया. जबरदस्ती नाय, काय नाय. तुझ्या इच्छेन. सन्मानान." हा शब्द त्यानं हिंदीत ऐकलेला मराठीत म्हटला. सगुणनं दाराकडे बघितलं. सत्यवती चौकटीला टेकून उभी होती. म्हण, गो. गप बसा म्हण. एकदा म्हण. ती म्हणाली नाही. तिची नजर जमिनीवर होती. त्या एका क्षणात 'मला जगायचंय' असं म्हणणं म्हणजे ह्या दोघांच्या पाया पडणं होतं, आणि पाया पडायला वाकावं लागतं. सगुणची मान ताठ राहिली. त्यात आणखी एक हिशेब होता, लबाडीचा. देवीनं एकदा नको म्हटलंय. ती परत नको म्हणेल. आपल्याला तोंड वेंगाडावं लागणार नाही, आपला नकार देवी देईल. "देवीची मर्जी," तो म्हणाला, आणि स्वतःच्याच आवाजात त्याला तो घोडेस्वार ऐकू आला. बरा वाटला तो आवाज. खोटं कशाला बोला.

देवळात बरीच माणसं जमली होती. बातमी फिरली होती. निम्म्यांनी पिक्चर बघितला होता आणि उरलेल्यांनी ऐकला होता. सगुणच्या अंगात शिवदासनं आणलेला नवा पांढरा सदरा होता, आणि सत्यवतीनं दाढी केली होती, ओठाखालचे चार केससुद्धा काढून. खुर्ची देवीसमोर उभी केली. जयराम गुरवानं मूर्तीला पाकळ्या लावल्या, एक उजवीकडे, एक डावीकडे, ओल्या, लालभडक. सगुणनं डाव्या पाकळीवर डोळे लावले. पड गे आवय. तूच पड. जयरामनं हात जोडले आणि गाऱ्हाणं सुरू केलं, त्याच्या बापाच्या आणि आज्याच्या त्याच चढत्या आवाजात. "बा देवी सातेरी माते, म्हाराजा!" सगळे म्हणाले, "व्हय म्हाराजा!" "आज जो काय तुझो लेकरू तुझ्या पायांकडे इलो हा, म्हाराजा!" "व्हय म्हाराजा!" सगुण लहान होता तेव्हा बापाच्या खांद्यावर बसून हे म्हणायचा. दहिकाल्याला म्हणायचा, पालखीला म्हणायचा. त्याचा पहिला ट्रक आला तेव्हा ह्याच जयरामनं बॉनेटवर नारळ फोडून गाऱ्हाणं घातलं होतं, गाडीक बरकत दे म्हाराजा, आणि सगुण सगळ्यात मोठ्यानं ओरडला होता. एकदा गाऱ्हाणं सुरू झालं की गावातल्या कुठल्याही माणसाचं तोंड आपोआप उघडतं. मन तिकडं शेतात असो की भांडणात असो. आताही सगुणचं मन डाव्या पाकळीवर होतं. तिच्या टोकाशी पाण्याचा एक थेंब लोंबत होता. थेंब जड होत होता. आता सुटेल, आता. "ट्रक उलटल्यापासून तुझो लेकरू खाटीर पडलो हा, म्हाराजा!" "व्हय म्हाराजा!" "तेका ह्या दुखण्याचो कंटाळो इलो हा, म्हाराजा!" "व्हय म्हाराजा!" "अन्नपाणी सोडून तुझ्या पायांकडे येवची तेची स्वतःची इच्छा आसा, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगुण म्हणाला.

सगळ्यांच्या वर त्याचा आवाज गेला. एवढी वर्षं ओरडून ओरडून कमावलेला आवाज. बाकीचे मध्येच थांबले होते; हे वाक्य म्हणताना त्यांची जीभ अडखळली होती, बिचाऱ्यांची. एकट्या सगुणची अडखळली नाही. घुमटात ते 'म्हाराजा' फिरून खाली आलं तेव्हा त्याला कळलं की हे आपण म्हटलं. जयरामनं वळून बघितलं, त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. "आयकलांत?" तो लोकांना म्हणाला. "तेणां सोता म्हटलां." सगुणनं तोंड उघडलं. नाही, ते तसं नव्हे, ते तोंडातून गेलं, ते सगळेच म्हणतात म्हणून... पण तेवढ्यात लोकांचा एक उसासा उठला आणि सगळ्यांचे हात कपाळाला गेले. उजवी पाकळी पडली होती. डावी होती तिथंच होती, थेंबासकट. गोकुळदास ढसाढसा रडत म्हणाला, "वाघ रे वाघ! पिच्चरातल्यापरास वाघ!" शिवदासनं खुर्चीच्या पायाशी डोकं टेकलं. सगुण मान वळवून वळवून सत्यवतीला शोधत होता. ती खांबाच्या मागे होती, तिथवर त्याची मान वळत नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून माणसं यायला लागली. सोमवारपासून अन्न सोडायचं असं शिवदासनं गुरवाशी बोलून ठरवलं होतं, तेव्हा रविवारी सगळं गाव हजर. बायका नारळ आणि केळी घेऊन आल्या. "आमचां काय चुकलां तर पोटात घाल," म्हणाल्या. ज्यानं बांधावरून त्याच्या बापाशी जन्मभर दावा मांडला तो म्हातारासुद्धा काठी टेकत आला. सगुणला प्रत्येकाला सांगायचं होतं. पहिल्या माणसाला सांगू म्हणाला, पण तो इतका भारावून बघत होता की सगुणच्या तोंडून निघालं, "सगळ्यांनी एकमेकांक धरून रावा." लोकांनी माना डोलावल्या. एका बाईनं ते वाक्य बाहेर जाऊन दुसरीला सांगितलेलं त्याला ऐकू आलं. मग त्याला आणखी सुचत गेली. दुपारपर्यंत त्यानं प्रत्येकाला एक एक वाक्य वाटलं, आणि जिवंतपणी कुणी त्याच्याकडे असं बघितलं नव्हतं, ट्रक चालवत होता तेव्हा तर मुळीच नाही. लाज वाटली त्याला, आणि गोडही लागलं. मधूनच त्याच्या मनात यायचं, सांगितलं तर काय होईल? हेच लोक केळी उचलून चालते होतील. म्हणतील, भ्याला. म्हणतील, देवीच्या तोंडावर व्हय म्हटलं आणि पेजेच्या वाटीसाठी फिरला. म्हणू देत की! पण संध्याकाळ होऊन शेवटचा माणूस गेला तरी त्यानं सांगितलं नव्हतं. गर्दीत सकाळपासून त्याला कुणी काही भरवलं नव्हतं, हेही कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. जाता जाता शिवदासनं त्याच्या कपाळावर हात ठेवला. "समाधान आसा मरे, दादा?" सगुण म्हणाला, "व्हय." आता तो शब्द त्याच्या तोंडाला लागलाच होता.

शिवदास आपल्या घरी गेला. घरात दोघंच उरली. शेजारी गोकुळदासकडे बांगडे तळत होते. वास जनेलातून आला आणि सगुणच्या तोंडाला पाणी सुटलं, अगदी निर्लज्जासारखं. आत सत्यवतीची भांडी वाजत होती. तिनं चुलीवरून काहीतरी उतरवलं. मग पेज भुरकल्याचा आवाज आला, एकदा, परत एकदा. ती जेवत होती! त्याला न विचारता, त्याच्या आधी जेवायला बसली होती. एवढ्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं. रागानं त्याची मान थरथरली. सोमवार उजाडायचाय अजून, रांडेच्यानू, आजचं तरी घाला! हे ओरडायला त्यानं छातीभर श्वास घ्यायचा प्रयत्न केला, आणि ओरडला असता तर काय ओरडला असता? तेच. मारून टाका माका. दुसरं वाक्य त्याला येतच नव्हतं. ते त्यानं मुद्दाम कधी शिकूनच घेतलं नव्हतं. त्यानं दाराकडे मान वळवली. मग हळू आवाजात म्हणाला, "सत्यवती."

ती आली, हात पदराला पुसत. "पाणी होयां?"

"नाय."

"कूस बदलूं?"

"नाय."

"मगे?"

ती उभी होती. आतला उजेड तिच्या पाठीमागे होता, तिचा चेहरा त्याला नीट दिसत नव्हता. आतापर्यंत वाटलेली सगळी शहाणपणाची वाक्यं त्याच्या तोंडात आली आणि एकही उपयोगाचं नव्हतं. "भूक लागली माका," तो म्हणाला. मग तो परत म्हणाला, आणि ह्या वेळी त्याचा आवाज एखाद्या पोराचा निघाला, "फाल्यांय लागतली, परवांय लागतली. माका मरूचां नाय गो. कधीचां मरूचां नाय."

त्यानं एक आशा धरली होती. ती धावत येईल, परत एक फाडकन थोबाडीत मारेल, मेल्या मग बोलला का नाहीस म्हणेल आणि रडेल. सत्यवती खाटेच्या कडेवर बसली. आता तिचा चेहरा दिसला. तिथं राग नव्हता, आनंदही नव्हता. गाव आलं म्हणून पिशव्या उचलून बसमध्ये उठून उभं राहावं, आणि बस न थांबता पुढं निघून जावी, तशी ती बसली होती. हात मांडीवर, तळवे वर. त्या एका रविवारभरात ती कुठं कुठं जाऊन आली असेल, माहेरी, म्हापशाला, नुसती रस्त्यानं चालत, हे सगुणला पहिल्यांदा दिसलं. आपण तिला तिथून हाक मारून परत आणलं होतं. त्याला वाटलं, म्हणावं, जा तू, मी नाही जेवत. खरंच वाटलं. पण बांगड्याचा वास येतच होता, आणि तो काही बोलला नाही.

ती उठली. आत गेली. पेजेची वाटी आणि कुलेर घेऊन आली, वाटीच्या काठाला सुक्या बांगड्याचा भाजलेला तुकडा. काटे काढले. कुलेरीवर फुंकर घातली, रोज घालायची तशी, ओठ न लावता.

"फाल्यां शिवदासाक तुमीच सांगा," ती म्हणाली. "माझ्यान सांगवायचां नाय."

सगुणनं मान डोलावली. कुलेर ओठांशी आली होती. त्यानं तोंड उघडलं.